पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच

अरे, तुझ्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काही येत नाही म्हणून लगेच नवीन मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) घ्यायला धावू नकोस. पंखा फिरतोय आणि डिस्प्ले नाही, म्हणजे जुन्या डेस्कटॉपमध्ये पहिला संशय रॅमवर, म्हणजे बोर्डात खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर घ्यायचा. प्लग काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव आणि मग रॅम काढ. तिच्या सोनेरी पट्ट्या आपल्याकडच्या दमट हवेत काळपट पडतात. साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घास, कीस झटक आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्कन बसेपर्यंत दाब. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघ. बहुतेक वेळा इथेच काम होतं.

नाहीच झालं आणि बोर्ड २००० ते २००७ च्या सुमाराचा असेल, तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर (चार्ज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग) बघ. सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे त्या काळातले पुष्कळ बोर्ड गेले. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी चिकटा आलेला दिसला, की ते बदलावेच लागतील.

एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, मात्र अजिबात उघडू नकोस; प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहतो. कुणाचा चांगला चालणारा मिळाला तर तो जोडून बघ. आणि सुरू करताना बीप किती वाजतात, लांब की आखूड, तेवढं मला कळव.