यंत्रेच गुलाम होणार, मग गुलामगिरीचा इतिहास कशाला?

स. न. वि. वि.

सातपूरच्या आपल्या कारखान्यात वेल्डिंगचा रोबोट बसला आणि ठेकेदाराची सहा माणसे कमी झाली, असे आपण लिहिले आहे. बारावी कला शाखेतील मुलीला गुलामगिरीचा इतिहास शिकायचा आहे. ‘आता यंत्रेच गुलाम होणार, मग या मेलेल्या विषयात पाच वर्षे कशाला घालवायची’, असे आपण विचारता.

विषय आपल्या दारातला आहे. नाशिकच्या शरणपूर रोडला जिचे नाव मिळाले, ती वसाहत १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवली आणि ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईमार्गे तेथे आणली जात. तेथे शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-संशोधकाच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेला. या मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकवले जाई, हे मला महत्त्वाचे वाटते. बेडी तुटली तरी पोटाची सोय लागतेच.

यंत्र आले की गुलामी जाते, हा समज मात्र इतिहास खोटा ठरवतो. १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीने कापसातून सरकी काढणारे यंत्र बनवले. सरकी झटपट निघू लागली, परंतु बोंडे वेचायला हातच लागत असल्याने लागवडीबरोबर गुलामांची मागणीही वाढली: १७९० मध्ये त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते, ते १८६० मध्ये ४० लाखांच्या घरात गेले. आजच्या बुद्धिमान यंत्रामागेही, त्याला शिकवण्यासाठी छायाचित्रातील एकेका गाडीभोवती आणि पादचाऱ्याभोवती चौकट आखून तिला नाव देणारी माणसे आहेत, आणि त्यांतील अनेकांना नगावर मजुरी मिळते. त्यांना मी गुलाम म्हणणार नाही, तो शब्द इतका स्वस्त करू नये. यंत्रालाही म्हणणार नाही, कारण गुलाम केवळ राबत नव्हता, तो विकला जाणारा माणूस होता. मात्र त्या मजुरीचा करार कोणी लिहिला आणि तो मोडला तर दाद कोठे मागायची, हे कोडिंगच्या वर्गात शिकवत नाहीत.

म्हणून तिला इतिहास शिकू द्यावा, फक्त त्याला जोड हवी. निव्वळ इतिहासात एम. ए. करून, नेट-सेट उत्तीर्ण होऊनही प्राध्यापक भरतीची वाट पाहत बसलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात. बारावीनंतर कोणत्याही शाखेतून पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी देता येते; तेथे कामगार कायदा आहे, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यापाशी तिचा आवडता इतिहासही भेटेल. सोबत संख्याशास्त्राची तोंडओळख आणि संगणकाची एखादी भाषा शिकली, तर आपली काळजीही बरीचशी मिटेल.

भेटीला येताना तिची दहावीची गुणपत्रिका आणावी, गणिताचे गुण पाहायचे आहेत. आणि तिलाही आणावे. आपल्या तीन पानी पत्रात तिचे स्वतःचे एकही वाक्य नव्हते.