वरळीला आलेला १९५१ चा विजेता

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, तक्ता मिळाला. १९४७ ते २०२५, एकोणऐंशी ओळी. डावीकडे वर्ष, उजवीकडे विजेता, आणि रंगसुद्धा ज्या त्या संघाच्या जर्सीचे. मेहनत घेतली आहेस. खाली लिहिलंयस, ‘काका, यावरून मराठीत एनबीए विजेत्यांचा इतिहास लिहायचाय. कुठून सुरू करू? बोस्टन सेल्टिक्सपासून की मायकेल जॉर्डनपासून?’

दोघांपासूनही नको. त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की तू लिहिलेलं आधीच कुठेतरी वाचल्यासारखं वाटेल.

आठवतंय का, आपली पहिली भेट? ४ ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम. भारतात एनबीएचे दोन संघ पहिल्यांदाच खेळत होते आणि स्टँडमध्ये तीनेक हजार शाळकरी पोरांचा कलकलाट. तू माझ्या मागच्या रांगेतून पुढे वाकून विचारलंस, ‘काका, यातले भारी कोणते?’ मी म्हणालो, त्या सॅक्रामेंटो किंग्जकडे बघ, त्यांचे मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईत जन्मलेले. तेवढ्यात इंडियाना पेसर्सने कुठलीशी बास्केट केली आणि तू किंचाळायला लागलीस. सामना जादा वेळेत गेला, किंग्ज एका गुणाने हरले. खरं सांगायचं ते राहूनच गेलं. आपल्यासमोर वरळीत पळत होता तो संघ १९५१ चा विजेता होता.

तुझ्या तक्त्यातली पाचवी ओळ बघ. ‘रॉचेस्टर रॉयल्स’. तिला तू राखाडी रंग दिलायस, कारण त्या नावाचा संघ आज नाही. नाव नाही, संघ आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून तो १९५७ मध्ये सिनसिनाटीला गेला, १९७२ मध्ये कॅन्सस सिटीला. तिथे रॉयल्स नावाचा बेसबॉल संघ आधीच होता, म्हणून रॉयल्सचे किंग्ज झाले. १९८५ पासून बिऱ्हाड सॅक्रामेंटोत. या सगळ्या प्रवासात १९५१ नंतर एकदाही हा संघ अंतिम मालिकेत पोहोचला नाही. माझं ऐकशील तर तुझा इतिहास याच संघाचं बोट धरून लिही. हा हरणारा संघ तुला त्या तक्त्यातल्या जवळजवळ प्रत्येक दारात नेऊन उभा करेल.

आधी १९५१ च घे. त्याच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं, सगळी मिनियापोलिस लेकर्सची. मध्ये हे रॉयल्स कसे घुसले? लेकर्सचा जॉर्ज मायकन, जाड भिंगांचा चष्मा लावणारा सहा फूट दहा इंचांचा सेंटर, त्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, मोडलेल्या घोट्यावर खेळत होता. रॉयल्सनी त्यांना ३-१ असं घरी पाठवलं. पुढे अंतिम मालिकेत न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिले तीन सामने जिंकले आणि मग ओळीने तीन हरले. सातवा घरच्या मैदानावर ७९-७५ असा कसाबसा काढला. मग हे विजेतेपद मायकनच्या घोट्याचं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. त्यांच्याकडे बॉब डेव्हिस होता, आर्नी रायझन होता. पण घोट्याचा उल्लेख न करता ती ओळ लिहिलीस तर वाचकाला अर्धंच सांगितलंस. त्याच संघात बाकावरचा एक गार्ड होता, रेड होल्झमन. पुढे तोच निक्सचा प्रशिक्षक झाला आणि १९७० व १९७३ अशी दोन विजेतेपदं त्याने न्यूयॉर्कला मिळवून दिली. ज्यांना हरवलं, त्यांच्याच घरात सुख नेऊन ठेवलं.

आता १९५६ ला ये. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, पहिली निवड रॉचेस्टरच्या हातात होती. मैदानात बिल रसेल उभा होता, आणि त्यांनी निवडला सायह्युगो ग्रीन. दुसरी निवड सेंट लुइस हॉक्सची. ती बोस्टनने एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन देऊन मिळवली आणि रसेलला नेलं. मग रसेलने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं जिंकली, त्यातली आठ सलग, १९५९ ते १९६६. रॉचेस्टरने रसेलला का सोडलं याचा बर्फावरच्या नाचाच्या कार्यक्रमांशी जोडलेला एक चटकदार किस्सा तुला सापडेलच. तो वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळा सांगितलाय. वापरायचाच तर ‘असं सांगतात’ म्हणून वापर. आणि त्या सौद्यात सेंट लुइस फसलं असं पटकन लिहू नकोस. १९५८ ची ओळ कोणाची आहे? सेंट लुइस हॉक्स. मॅकॉली आणि हेगन दोघेही त्या संघात. रसेलचा घोटा अंतिम मालिकेत दुखावला होता आणि शेवटच्या सामन्यात हॉक्सच्या बॉब पेटिटने ५० गुण केले. (घोटे हा एनबीएच्या इतिहासातला दुर्लक्षित विषय आहे, कधीतरी वेगळा लेख कर.)

बोस्टनबद्दल लिहिताना ‘साम्राज्य’ हा शब्द तू तीनदा वापरलायस. एकदा पुरे. आणि शेजारी हेही लिही, की रसेलच्या सुरुवातीच्या वर्षांत लीगमध्ये संघ होते फक्त आठ, आणि करार संपला तरी खेळाडूला आपला संघ सोडून जाता येत नसे. यामुळे रसेल लहान होत नाही. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला हॉटेलच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला द्यायला नकार मिळाला, तेव्हा सामना न खेळता परतणाऱ्यांत तो होता. १९६६ पासून तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही, लीगचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. शेवटची दोन विजेतेपदं त्याने त्या दुहेरी जबाबदारीत जिंकली. पण आठ संघांतलं पहिलं येणं आणि आजच्या तीस संघांतलं पहिलं येणं एकाच तराजूत घालून बेरीज करायची नाही.

ही खेळाडूला बांधून ठेवणारी व्यवस्था मोडली कोणी? पुन्हा आपला रॉयल्स. सिनसिनाटीचा ऑस्कर रॉबर्टसन. १९६१-६२ च्या अख्ख्या हंगामात गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि असिस्ट (बास्केट करून देणारा पास) तिन्हींची सरासरी दोन आकडी ठेवणारा हा माणूस रॉयल्सकडे दहा वर्षं खेळला, आणि अंतिम मालिकेचं तोंड पाहू शकला नाही. १९७० मध्ये दोन गोष्टी घडल्या. रॉयल्सनी त्याला मिलवॉकीला देऊन टाकलं, आणि खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून त्याने लीगवर खटला भरला. १९७१ ला मिलवॉकी विजेते. खटला १९७६ मध्ये मिटला, खेळाडूंना संघ बदलण्याची वाट त्यातून हळूहळू मोकळी झाली आणि एबीए या प्रतिस्पर्धी लीगमधले चार संघ एनबीएत आले. त्या चारांत आपले पेसर्सही होते. म्हणजे वरळीचा तो सामना एका परीने ऑस्करच्या खटल्यानंतरचा होता. हे मला तेव्हा सुचलं असतं तर तुला ऐकवलं असतं. बरं झालं सुचलं नाही, तू ऐकलं नसतंस.

हरलेल्या संघासाठी एक रकाना वाढव, हे तर सांगतोच. तो भरताना साठच्या दशकात तुझा हात लेकर्स लिहून दुखेल. १९६२, ६३, ६५, ६६, ६८, ६९, सहाही वेळा बोस्टनकडून. शेवटच्या खेपेला सातवा सामना लेकर्सच्या नव्या घरी, लॉस एंजेलिसला. मालक जॅक केंट कुक याने विजयानंतर सोडायला छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते. बोस्टनने १०८-१०६ जिंकलं आणि फुगे तिथेच लटकत राहिले. जेरी वेस्टने त्या दिवशी ४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्ट केले. अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू हा पुरस्कार त्या वर्षीच सुरू झाला होता, तो त्यालाच मिळाला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला तो मिळाल्याची ती एकच वेळ. वेस्ट नऊ अंतिम मालिका खेळला, जिंकला एक, १९७२ ची. आणि एनबीएच्या चिन्हात चेंडू घेऊन निघालेली जी आकृती आहे ना, ती त्याच्याच छायाचित्रावरून काढली, असं ते चिन्ह घडवणाऱ्यानेच सांगितलंय.

पण या नव्या रकान्यावरही आंधळा विश्वास नको. २००२ ला तो म्हणेल: विजेते लेकर्स, उपविजेते न्यू जर्सी नेट्स, ४-०. वाचणाऱ्याला वाटेल, सोपं गेलं. खरं युद्ध त्याआधीच्या फेरीत होतं, आणि समोर कोण? सॅक्रामेंटो किंग्ज. चौथ्या सामन्यात शेवटच्या क्षणी बाहेर टोलवलेला चेंडू नेमका रॉबर्ट हॉरीच्या हातात गेला आणि त्याच्या तीन गुणांनी लेकर्स १००-९९ जिंकले. सहाव्यात एकट्या चौथ्या सत्रात लेकर्सना २७ फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दलचे मोकळे फेक, मिळाले. त्या पंचगिरीवरून अजून वाद चालतात. किंग्जचे चाहते तिथेच थांबतात. तू थांबू नकोस. सातवा सामना सॅक्रामेंटोत होता, जादा वेळेत गेला, आणि घरच्या मैदानावर किंग्जनी ३० पैकी १४ फ्री थ्रो घालवले. पंचांवर चार परिच्छेद लिहिणाऱ्याने या चौदांना एक तरी ओळ द्यावी.

तक्ता १९४७ पासूनच सुरू का होतो, हेही एकदा सांग. लीग १९४६ मध्ये स्थापन झाली म्हणून, हे उत्तर बरोबरच. पण व्यावसायिक बास्केटबॉल त्याआधीही होतं. १९३९ मध्ये शिकागोत व्यावसायिक संघांची जागतिक स्पर्धा भरली आणि ती जिंकली न्यूयॉर्क रेन्स या संपूर्ण कृष्णवर्णीय संघाने, ऑशकॉश ऑल-स्टार्सना ३४-२५ हरवून. हार्लेममधल्या नाचघराची फरशी हेच त्यांचं घरचं मैदान. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा हार्लेम ग्लोबट्रॉटर्सनी जिंकली. एनबीएत पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आले ते १९५० मध्ये. त्यामुळे तुझ्या पहिल्या तीन-चार ओळींतल्या ‘विजेता’ या शब्दाखाली मी बारीक रेघ मारून ठेवली आहे. काय लिहायचं ते तू ठरव.

नियमांचं प्रकरण थोडक्यात उरक, फक्त हे सोडू नकोस: नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेनने लेकर्सना १९-१८ हरवलं. हा अंतिम गुणफलक आहे, पहिल्या सत्राचा नाही. आघाडी घ्यायची आणि चेंडू धरून बसायचं. सिरॅक्यूजचा मालक डॅनी बायसोन, स्वतःची बोलिंगची जागा चालवणारा माणूस, त्याने हिशेब घातला: रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात, सामना २८८० सेकंदांचा, भागाकार २४. ते चोवीस सेकंदांचं घड्याळ १९५४ मध्ये लागलं आणि त्याच हंगामात विजेता कोण? सिरॅक्यूज.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तुझी टळेल. आमच्या वेळी पेपरात एनबीएचा निकाल म्हणजे ‘थोडक्यात’मधल्या चार ओळी. अंतिम मालिकेचा सामना आपल्याकडे पहाटे सहाच्या सुमाराला सुरू होतो, म्हणजे पेपर दारात पडलेला असतो आणि तिथे अजून चेंडू उडायचा असतो. बातमी जायची दुसऱ्या दिवशी, शिळी होऊन. एकदा जागा उरली म्हणून मी ऐटीत चौकट टाकली: ‘लॉस एंजेलिसची आजवरची विजेतेपदं’, आणि सगळे आकडे एकत्र जोडून मोकळा झालो. आठवड्याने एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: ‘लॉस एंजेलिसमध्ये एवढी तळी कुठे आहेत, ते कळवावे.’ लेकर्स हे नाव तळ्यांवरून, आणि तळी मिनियापोलिसच्या मिनेसोटात. लेकर्सच्या सतरापैकी पहिली पाच विजेतेपदं मिनियापोलिसची. तूही ‘लॉस एंजेलिस १७’ असंच लिहिलंयस. ओक्लाहोमा सिटीचंही तसंच. तो संघ २००८ पर्यंत सिएटलचा होता; १९७९ चं विजेतेपद कागदावर त्यांच्या खात्यात मोजतात, चषक मात्र सिएटलमध्येच राहिला.

शेवटच्या ओळीसाठी तुला काही शोधायला नको. २०२५, ओक्लाहोमा सिटी थंडर, समोर इंडियाना पेसर्स, सातवा सामना १०३-९१. पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन पहिल्याच सत्रात टाचेची शीर तुटून कोसळला. त्याला ड्राफ्टमध्ये निवडणारा संघ कोणता होता? सॅक्रामेंटो किंग्ज, २०२०. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत त्यांनी त्याला इंडियानाला दिलं आणि बदल्यात डोमांतास साबोनिसला आणलं, जो २०१९ च्या त्या हंगामात पेसर्सच्या जर्सीत होता. वरळीत तू ज्यांच्यासाठी किंचाळत होतीस, ते.

तेव्हा रॉचेस्टरचं प्रकरण आधी लिही, बाराशे शब्दांच्या आत, आणि पाठव. राखाडी रंग काढ. चष्म्याचा नंबर वाढलाय, टाइप जरा मोठा ठेव.

तुझा,
काका

ता. क. १९४८ च्या ओळीत ‘बाल्टिमोर बुलेट्स’पुढे ‘आताचे वॉशिंग्टन विझार्ड्स’ असं लिहिलंयस, ते खोड. ते बुलेट्स १९५४ मध्ये हंगाम चालू असतानाच बंद पडले. विजेता होऊन कायमचा मिटलेला तो एकच संघ. विझार्ड्सची गाडी १९६१ मध्ये शिकागोहून निघाली, १९६३ ला बाल्टिमोरला आली आणि तिने जुनंच नाव घेतलं. राखाडी रंग लावायचाच असेल तर इथे लाव.