प्रश्न तुमचे : उपकरणांसाठी वेगळं लिनक्स नेटवर्क

प्रश्न : प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप, दोन पॉवर सप्लाय आणि एक जुना स्पेक्ट्रोमीटर आहे. सगळ्यांना लॅनचं पोर्ट आहे, पण संस्थेच्या नेटवर्कवर ती लावायला परवानगी नाही. एका लिनक्स पीसीवरून सगळी चालवायची आहेत आणि त्या पीसीला इंटरनेटही हवं. मांडणी कशी करावी?

परवानगी नाही हे योग्यच आहे. अशी बरीच उपकरणं पासवर्ड न विचारता कमांड पाळतात. अशी उपकरणं सहसा ५०२५ क्रमांकाच्या पोर्टवर (केबलचं नव्हे, सॉफ्टवेअरमधलं दार) कमांड घेतात. ते उघडं असेल, तर त्या नेटवर्कवरचं कुणीही पॉवर सप्लायचं व्होल्टेज बदलू शकतं.

पीसीला दोन नेटवर्क कार्डं लावा. एक संस्थेकडे जाईल, दुसरं आठ पोर्टच्या साध्या नेटवर्क स्विचकडे. सगळी उपकरणं त्या स्विचवर.

पत्ते ठरवण्याआधी 'आयपी राउट' कमांड देऊन संस्थेकडून कोणती रेंज मिळते ते बघा. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल, तर पॅकेट कोणत्या कार्डातून पाठवायचं याचा घोळ होतो. १७२.१७ ही डॉकरची (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) नेहमीची रेंज, तीही नको. संस्थेत वापरात नसेल तर १०.५७.३.०/२४ (म्हणजे १०.५७.३ने सुरू होणारे सगळे पत्ते) घ्या आणि आतल्या कार्डाला १०.५७.३.१ हा कायमचा पत्ता द्या.

या कार्डाचा गेटवेचा (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या दाराचा) रकाना मात्र रिकामा सोडा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तिथे काही भरलं की पीसीकडे दोन डिफॉल्ट मार्ग तयार होतात, ज्याचा मेट्रिक (पसंतीचा आकडा) कमी तो जिंकतो, आणि एखाद्या रीबूटनंतर इंटरनेट अचानक गायब होतं. नेटवर्कमॅनेजर वापरत असाल तर त्या कनेक्शनला 'नेव्हर-डिफॉल्ट' हो करा. मग पुन्हा 'आयपी राउट' बघा. 'डिफॉल्ट'ने सुरू होणारी ओळ एकच दिसली पाहिजे.

दोन कार्डांमधून आरपार वाट नको, म्हणून आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावर आलेली पॅकेट दुसऱ्यातून पुढे पाठवणं) ० म्हणजे बंद ठेवा. डॉकर बसवलं की ते स्वतःहून १ होतं, तेव्हा फायरवॉलमध्येही फॉरवर्ड अडवा. घरून काम करायचं असेल तर आधी एसएसएचने (दुरून सुरक्षित लॉगिन) या पीसीवर या आणि तिथूनच उपकरणाशी बोला.

उपकरणांना आपोआप पत्ते वाटायला (याला डीएचसीपी म्हणतात) डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात आतल्या कार्डाचं नाव, १०.५७.३.१०० ते १५० ही रेंज आणि प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) व त्याचा ठरलेला आयपी एवढं लिहा. 'डीएचसीपी-ऑप्शन=३' ही ओळ पुढे काहीही न लिहिता घाला. नाहीतर तो स्वतःचाच पत्ता गेटवे म्हणून सगळ्यांना वाटत बसतो. नावांसाठी पीसीवरची होस्ट्स फाइल (नाव आणि पत्त्यांची यादी) पुरते, त्यामुळे 'पोर्ट=०' लिहून त्याचं डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) बंद करा, म्हणजे सिस्टमडीच्या रिझॉल्व्हरशी भांडण होणार नाही.

पत्ते थेट उपकरणात भरले तरी चालतं. पण जुन्या उपकरणाची आतली बॅटरी संपली की सेटिंग पुसलं जाऊ शकतं. सगळी नोंद एका फाइलमध्ये असलेली बरी.

प्रश्न : सकाळी चालू केल्यावर ऑसिलोस्कोपचा पत्ता १६९.२५४ने सुरू होतो. मेनूतून पुन्हा पत्ता मागायला लावला की बरोबर येतो. बिघाड कुठे आहे?

ऑसिलोस्कोप ठीक आहे. त्याने डीएचसीपीकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक घेतला. पीसी उशिरा चालू होत असेल तर आधी पीसी, मग उपकरणं असा क्रम ठेवा. पीसी आधीच चालू असेल तर स्विच बघा. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलचं वेटोळं टाळणारी सोय) चालू असेल, तर केबलला लिंक आल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, आणि मगच पॅकेट पुढे सोडतं. त्या ३० सेकंदांत उपकरण कंटाळून गप्प बसतं. ते पोर्ट 'एज' किंवा 'पोर्टफास्ट' करा, किंवा सरळ अनमॅनेज्ड स्विच लावा. इतक्या छोट्या नेटवर्कला मॅनेज्ड स्विचची गरज नसते.

प्रश्न : पायथन प्रोग्रॅम मध्येच बंद पडला की पॉवर सप्लाय पुढची जोडणी घेतच नाही. बंद करून चालू करावा लागतो.

लहान उपकरणं एका वेळी एक-दोनच सॉकेट (नेटवर्कवरच्या जोडण्या) सांभाळतात. पीसी लटकला किंवा केबल निघाली, तर जुनी जोडणी तुटल्याचं उपकरणाला कळत नाही आणि ती जागा अडून राहते. सॉकेट पायथनच्या 'फायनली'मध्ये (चूक झाली तरी चालणारा भाग) बंद करा. प्रत्येक स्क्रिप्टने वेगळी जोडणी उघडण्यापेक्षा एकाच प्रोग्रॅमकडे ती ठेवा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे मागावं. पोर्ट स्कॅनर (उघडी पोर्टं शोधणारा प्रोग्रॅम) या नेटवर्कवर चालवू नका, त्यानेही जुनी उपकरणं लटकतात.

प्रोग्रॅमवर शंका असेल तर नेटकॅटने (टर्मिनलमधून थेट पोर्टशी जोडणारी कमांड) ५०२५ वर जा, उपकरणाची ओळख विचारणारी '*आयडीएन?' ही कमांड रोमन अक्षरांत टाइप करा आणि एंटर दाबा. उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअर असे स्वल्पविरामांनी तोडलेले चार भाग आले, तर नेटवर्क ठीक आहे. इथे उत्तर येतं आणि पायथनमध्ये टाइमआउट होतो, असं असेल तर बहुतेक वेळा कमांडच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह राहिलेलं असतं.

प्रश्न : भट्टीचा हीटरही याच नेटवर्कवरून बंद केला तर चालेल ना?

रोजच्या कामासाठी चालेल, सुरक्षेसाठी अजिबात नाही. नेटवर्क स्विचचा अडॅप्टर जळला तरी हीटर तापतच राहील. कमाल तापमानाचा स्वतंत्र कटआउट हीटरच्या वीजपुरवठ्यातच तारेने जोडा. तो पीसी आणि स्विच दोन्ही बंद ठेवून तपासा, आणि मगच भट्टी रात्रभर चालू ठेवा.