आधी जमतंय का ते बघा

मोठ्या अभ्यासाआधी मधुमेहाचा छोटा चाचणी-अभ्यास (पायलट) करताय, तर इंदूरच्या संजीवनी क्लिनिकमध्ये (वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात) ३०-४० रुग्ण घेऊन साखर किती उतरली हे सिद्ध करायला जाऊ नका. तेवढ्यावर ते ठरत नाही. मोजायचं ते वेगळं: विचारलेल्यांपैकी किती भाग घ्यायला तयार झाले, तीन महिन्यांनी किती परत आले, नर्सताईंना एका रुग्णामागे खरोखर किती मिनिटं लागली. किती टिकले तर मोठ्या अभ्यासाकडे जायचं, तो आकडा सुरुवातीआधीच लिहून ठेवा. नंतर मन पळवाटा काढतं. एचबीए१सी ही रक्तचाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, सहा आठवड्यांत ती पुन्हा करणं वाया. लोहाची कमतरता असली की ती फसवी वाढू शकते, म्हणून हिमोग्लोबिनही बघाच. आहाराच्या वहीत नुसतं ‘नाश्ता’ नको. पोहे किती वाट्या, सोबत जिलबी किती, हे विचारा.