उफिझीत एकच सकाळ असेल, तर आधी तीन मेरींपाशी थांबा

तुम्ही विचारलंय की फ्लॉरेन्समध्ये एकच सकाळ हाताशी आहे, चित्रकलेतलं फारसं कळत नाही, तर उफिझी गॅलरी पाहावी का आणि कशी. पाहाच. फक्त आत शिरल्या शिरल्या बोत्तिचेल्लीने रंगवलेल्या व्हीनस या प्रेमदेवतेकडे धाव घेऊ नका. पहिल्या खेपेला मी तेच केलं आणि सुरुवातीचं दालन दोन मिनिटांत ओलांडलं. त्याची चुटपुट दुसऱ्यांदा जाईपर्यंत गेली नाही.

दुसऱ्या मजल्यावर सुरुवातीलाच तीन प्रचंड चित्रं आहेत. तिन्हींत सिंहासनावर मेरी, मांडीवर बाळ येशू, भोवती देवदूत आणि मागे सोन्याचा वर्ख. एक चिमाबुएचं, दुसरं दुच्चोला १२८५ मध्ये काढायला सांगितलेलं, तिसरं जोत्तोचं, १३१० च्या सुमाराचं. आता तिघींचे गुडघे बघा. चिमाबुएने वस्त्राच्या चुण्या सोनेरी रेघांनी काढल्यात. फार देखण्या आहेत, पण आत अंग असल्यासारखं वाटत नाही. दुच्चोचं सिंहासन देवदूतांनी धरलंय, तरी ते अधांतरीच. जोत्तोची मेरी मात्र खरोखर बसलीये. कापडाखालून गुडघे पुढे आलेत, अंगाला वजन आहे, ओठ किंचित विलग होऊन दात दिसतात. सिंहासनाच्या बाजूच्या झरोक्यांतून मागच्यांचे चेहरे डोकावतात, म्हणजे त्या सोन्यापुढे माणसांना उभं राहायला जागा झाली! हे कळलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

पुढे एकच प्रसंग धरून चाला: तुला मूल होणार, असं देवदूत मेरीला सांगतो तो. सिमोने मार्तिनीच्या १३३३ च्या चित्रात देवदूताचे शब्द सोन्याच्या अक्षरांत तिच्याकडे निघालेत आणि ती अंग चोरून मागे सरकलीये. लिओनार्दोने विशीत, १४७२ च्या आसपास, तेच रंगवलं. सोन्याच्या जागी बाग, काळपट झाडं आणि धुक्यात विरणारे डोंगर. मेरीचा उजवा हात समोरून जरा लांब वाटतो. चित्राच्या उजव्या बाजूला सरकून पाहा, हात जागेवर येतो.

मग व्हीनस जरूर पाहा, तिच्या केसांतल्या बारीक सोनेरी रेषांसाठी.

हे सगळं एकाच शहरात टिकलं ते फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्यातल्या शेवटच्या आन्ना मारिया लुईसामुळे. १७३७ च्या करारात तिने अट घातली की घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. मला तिच्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

सोमवारी गॅलरी बंद असते, तिकीट आधीच काढा. आणि खालच्या मजल्यावर कारावाज्जोच्या बाकसपुढे थांबण्याइतकी ताकद पायांत शिल्लक ठेवा. मद्याचा देव आहे, पण पुढ्यातली फळं सडायला लागलीत आणि त्याच्या नखांत मळ आहे.