साका

बाबू,

काल पडवीत पेट्या भरताना तुझा फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळं ऐकू आलं. गिऱ्हाईक सांगत होतं, पाच डझनांत सात आंबे साक्याचे निघाले, वरून चांगले पण आत कोयीलगतचा गर खराब. आणि तू? "आमच्या बागेत साका नसतोच, तुम्हीच पिकवताना काहीतरी घोळ घातलात!" फोन ठेवलास तेव्हा कान लाल झाले होते तुझे.

तुझ्या वयात मीही हेच केलंय. गिरगावातलं दहा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना पत्रातून चार शब्द सुनावले. पुन्हा त्यांची मागणी आली नाही. मग स्वतःचं खरं करायला आढीतले दहा आंबे कापले. बाहेरून केशरी, एक डाग नाही. चारांत कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. बायको काही बोलली नाही. ताट तसंच ओटीवर ठेवून आत गेली.

पेटी भरणाऱ्याला साका दिसत नाही रे, कापणाऱ्यालाच दिसतो.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1957 साली मांडलं की परस्परांशी न पटणाऱ्या दोन गोष्टी मनात असल्या की माणूस अस्वस्थ होतो. 'मी चोख बागायतदार' आणि 'माझा आंबा खराब'. यातली दुसरी टाकून देणं सोपं, म्हणून गिऱ्हाईक खोटं ठरतं. त्यात आपल्याकडे आजोबांनी कातळ फोडून कलमं लावलेली. आंब्याला नाव ठेवलं की आजोबांनाच ठेवल्यासारखं लागतं.

म्हणून उत्तर देण्याआधी विचारायचं: पेटी कुठल्या तारखेची? किती फळं, कापल्यावर कशी दिसली? (पैसे तोडायला बोलणारे इथेच गळतात. असतात तसेही.) उत्तरं वहीत लिहायची. माझ्या वहीत तक्रारी बहुतेक भर दुपारी काढलेल्या, तापल्या कातळावर पडून राहिलेल्या मालाच्या निघाल्या. तेव्हापासून सकाळीच काढणी, आणि फळ लगेच सावलीत.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 साली 'रत्ना' आणली, तिच्यात साका नसतो. हापूसमध्ये खोट आहे हे कुणीतरी आधी मान्य केलं, तेव्हा ती झाली. चवीला मला हापूसच आवडतो, ते वेगळं.

आज संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाला फोन लाव. आधी तारीख विचार. आणि रविवारी येताना तुझ्या आढीतले दहा आंबे घेऊन ये, सुरी माझ्याकडे आहे.

तुझा,
आप्पा