लिनक्स मिंट टाकताना अर्ध्यातच 'एरर ५' येतो. हार्ड डिस्क खरंच गेली का?

भाऊ, पेनड्राइव्हवरून मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकताना एरर आला, म्हणून हार्ड डिस्क विकत घ्यायची घाई करू नका. 'डिस्क गेली, नवी घ्या' हे तालुक्याच्या दुकानदाराचं म्हणणं खरं निघूही शकतं, पण ते सगळ्यात शेवटी तपासायचं, कारण खर्च तिथेच आहे.

फाइली कॉपी होता होता तुम्हाला दिसतो तो 'इनपुट-आउटपुट एरर, क्रमांक ५' एवढंच सांगतो, की कुठूनतरी वाचता आलं नाही किंवा कुठेतरी लिहिता आलं नाही. ते 'कुठेतरी' म्हणजे पेनड्राइव्ह आहे की डिस्क, हे त्यालाही माहीत नसतं. त्या खिडकीतला लांबलचक मजकूर वाचलात का? त्यात शेवटी चक्क लिहिलेलं असतं की मशीन थंड जागी न्या! मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात, पत्र्याच्या खोलीत बसून ते वाचताना हसू येतं. पण सल्ला खोटा नाही. दुपारी करू नका, पहाटे करा.

आमच्या गावात मी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हापासून जुनी मशीनं मिंटवर नेतोय (एक तेवढं विंडोजवरच ठेवलंय, थंब लावायच्या यंत्रासाठी). आमच्याकडे तरी खोट बहुतेकदा नेटवरून उतरवलेल्या मिंटच्या इन्स्टॉल फाइलीतच सापडते. फाइल जवळपास तीन जीबीची, नेट मोबाइलचं, त्यात लाइन गेली की टॉवरचीही रेंज पडते. ब्राउझर तुटलेलं डाउनलोड पुन्हा जोडतो आणि 'पूर्ण झालं' म्हणून सांगतो. आत मात्र तुकडा खराब असतो.

म्हणून आधी फाइल तपासा. विंडोजमध्ये सेव्हन-झिप (फाइली दाबून ठेवायचं सॉफ्टवेअर) असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६, म्हणजे फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा, काढा. ६४ अक्षरांची ओळ येईल. ती मिंटच्या साइटवर त्याच आवृत्तीसमोर दिलेल्या ओळीशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल खराब. पण तीन जीबी पुन्हा उतरवू नका, दिवसाचा पॅक त्यातच जाईल. साइटवरून त्याच आवृत्तीची टॉरेंट फाइल (मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवायला लागणारी छोटी फाइल) घ्या, क्यूबिटटॉरेंट या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि ही खराब फाइल जिथे पडली आहे तेच फोल्डर सेव्ह करायला द्या. फाइलीचं नाव मात्र मूळचंच हवं. मग 'फोर्स रीचेक' करा. तो एकेक तुकडा तपासतो आणि बिघडलेले तेवढेच परत आणतो. मध्येच लाइन गेली तरी उतरलेलं वाया जात नाही.

फाइल बरोबर निघाली तर पेनड्राइव्हवर संशय घ्या. बाजारातल्या स्वस्त पेनड्राइव्हवर ६४ जीबी छापलेलं असतं, आत तेवढी जागा असेलच असं नाही. मिंटची फाइल पेनड्राइव्हवर एचर या सॉफ्टवेअरनं लिहा, लिहून झाल्यावर तो स्वतःच पडताळणी करतो. तिथेच नापास झाला तर पेनड्राइव्ह बदला. पास होऊनही एरर आला तर दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

आता डिस्क. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करा, मेनूतून 'डिस्क्स' उघडा, आपली डिस्क निवडा आणि कोपऱ्यातल्या मेनूतून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. 'रिअलोकेटेड सेक्टर काउंट' (खराब होऊन बदललेल्या जागा) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' (वाचता न आलेल्या, संशयित जागा) या दोनच ओळी वाचा. दोन्ही शून्य असतील तर डिस्कवरचा संशय बराच कमी होतो. मग रॅम राहते, ती मेमटेस्ट या रॅम तपासायच्या प्रोग्रॅमनं रात्रभर तपासा. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर दुकानदार बरोबर होता. आधी आतले फोटो, कागदपत्रं दुसरीकडे काढून घ्या. मग जुन्यासारखी फिरती हार्ड डिस्क घेऊ नका, अडीच इंची साटा एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या. ४ जीबी रॅमच्या मशीनलाही त्यानं जीव येतो. सोबत मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका.

लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर इन्व्हर्टरवर लावून बसा. इन्स्टॉल चालू असताना लाइन गेली की सगळं पहिल्यापासून.

हे सगळं करूनही एरर आला तर त्या दोन ओळींचा फोटो इथे टाका, बघतो.